टेबल त्याचं, झाकणं तुझी

हाल्डनबाख, रविवार, २२ सप्टेंबर १९९६

प्रिय इर्मेला,

वाढदिवसाला पाठवलेले लोकरी मोजे मिळाले की नाही, एवढंच विचारायला हे पत्र. डेन्मार्कात थंडी लवकर पडते म्हणतात. मिळाले असतील तर दोन ओळी टाक. नसतील मिळाले तर इथल्या पोस्टमनशी भांडायला मी मोकळी.

इकडं सगळं ठीक. आपल्या वर्कशॉपातल्या ऑयगेनचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड शाबूत आहे. परवा मला म्हणाला, "रोझीनेबाई, तुमची कॉफी यंत्रात घातली तर गंज निघेल." तुझा बाप बरा आहे. सकाळी सगळ्यांच्या आधी वर्कशॉपात हजर आणि संध्याकाळी सगळ्यांच्या नंतर घरी, तू बघितलंयस तसंच.

काम मोठं आलंय. खालच्या गावात क्नाउसबाईंचा औषधांचा कारखाना आहे ना, त्यांना डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटल्या भरणारं यंत्र हवंय. बाटल्यांचं टेबल सरकत सुईखाली येणार, थांबणार, थेंब पडणार, पुढं सरकून प्रत्येकीला झाकण लागणार. आत सगळीकडे स्टेपर मोटर. हे तुला वेगळं सांगायला नकोच.

मोज्यांचं कळव.

तुझी आत्या,
रोझीने


हाल्डनबाख, रविवार, १३ ऑक्टोबर १९९६

प्रिय इर्मेला,

तुझं कार्ड आलं. "मोजे मिळाले. बसतात." तीन वर्षांनी आत्याला पत्र, आणि त्यात एवढंच! पण मी खूश आहे. नावं ठेवली नाहीस म्हणजे आवडले. खाण तशी माती. आपल्या या डोंगरात माणूस रागावला नाही की त्यानं शाबासकी दिली असं धरायचं, आणि तू तर त्या बापाची लेक.

आता खरं सांगते. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मोज्यांचं निमित्त होतं. तुझा बाप वर्कशॉप विकतोय. श्टुटगार्टची एक मोठी कंपनी घेतेय. सहा डिसेंबरला, संत निकोलाउसच्या दिवशी, सह्या आहेत. ते लोक गिऱ्हाइकं आणि यंत्रं उचलून नेणार आणि या जागेला कुलूप लावणार. ऑयगेनला अजून सांगितलेलं नाही, पण त्याला माहीत आहे. गुडघ्याचं नाव पुढं करून तो हल्ली गप्प बसतो.

एकच गोष्ट आडवी येऊ शकते. क्नाउसबाईंना यंत्र पसंत पडलं तर त्यांना तशीच आणखी यंत्रं हवीत, आणि तेवढ्या कामावर वर्कशॉप चालेल. कोण चालवणार, असं मी तुझ्या बापाला, गोटहिल्फला, विचारलं. तो खिडकीकडे गेला आणि काचेवरचा डाग फडक्यानं पुसत बसला. तुझं नाव त्यानं घेतलं नाही, पण दुसऱ्या कुणाचंही घेतलं नाही.

तीन वर्षांपूर्वी तुमच्या दोघांचं भांडण झालं त्या दिवशी मी दारात कॉफीचा ट्रे घेऊन उभी होते. तू उभं केलेलं यंत्र, टेबल आणि झाकणं दोन्ही सर्व्हो मोटरवर. त्यानं यंत्राभोवती फेरी मारली आणि तो काही बोलला नाही. तिथंच थांबली असतीस तर शाबासकी मिळाली होती, पोरी. पण तुला ती तोंडी हवी होती. "कसं झालंय, बाबा?" तू विचारलंस. आणि तो म्हणाला, "टेबल थरथरतंय."

मग काय! तू म्हणालीस की तुमची मोटर आंधळी आहे. तो म्हणाला, आंधळी असेल, पण उभी राहा म्हटलं की उभी राहते. दोघांनीही आवाज चढवला नाही, म्हणूनच मला भीती वाटली. आठवड्याच्या आत तू डेन्मार्कला, ओडन्सला, निघून गेलीस.

तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी बिलं लिहिणारी बाई. नंतर एकदा ऑयगेनला धरून बसवलं आणि समजून घेतलं. मला समजलं ते असं. तुझ्या बापाची स्टेपर मोटर पावलं मोजत चालते. इतकी पावलं जा म्हटलं की तेवढी जाते, थांबते आणि दगडासारखी उभी राहते. वाटेत कुणी अडवलं, चार पावलं निसटली, तरी तिला त्याचा पत्ता नसतो. तिच्या हिशेबानं ती पोहोचलेली असते. तुझ्या सर्व्हो मोटरीला मागं एक डोळा आहे, एन्कोडर का काय तो. ती सारखी बघते, आपण कुठं आहोत, कुठं असायला हवं होतं. अडली तर जोर लावते, फारच अडली तर थांबून ओरडते. पण ती सारखी बघत असल्यामुळं उभी असतानाही जरा इकडे, जरा तिकडे सावरत राहते. सुईखालच्या बाटलीतलं पाणी त्यामुळं थरथरत होतं. गोटहिल्फनं ते बघितलं आणि बोलला. खोटं बोलला नाही तो.

पण झाकणांच्या बाजूबद्दल तो काही बोलला नव्हता, हे तुझ्या लक्षात आलं होतं का?

तुझी आत्या,
रोझीने


हाल्डनबाख, रविवार, ३ नोव्हेंबर १९९६

प्रिय इर्मेला,

बसलीयेस ना? मग वाच. यंत्र नापास झालं. आणि का झालं ते ऐकशील तर तुला हसू येईल, मग रडू येईल. माझं तसंच झालं.

तुला झाडलोटीची पाटी आठवते ना? ज्याच्या खुंटीवर पाटी, त्याचा तो आठवडा, शनिवारी वर्कशॉप त्यानं लख्ख करायचं, मग तो मालक का असेना. आम्ही आता पाचच जण आहोत, पण पाटी अजून सहा खुंट्यांवर फिरते. तुझी खुंटी गोटहिल्फनं काढू दिली नाही. तुझा आठवडा आला की पाटी तिथं लागते आणि झाडू तो घेतो. तुला मी हे कधी कळवलं नाही, कारण त्यानं मला तशी ताकीद दिली होती. आता देऊ दे ताकीद.

सव्वीस तारखेचा शनिवार तुझ्या आठवड्यातला होता. सोमवारी क्नाउसबाई तपासणीला येणार होत्या. स्वतःच्या आठवड्यात तो जेवढं झाडतो त्याच्या दुप्पट तुझ्या आठवड्यात झाडतो, हे मी तीन वर्षं बघतेय. इर्मेलाच्या वेळी कोपऱ्यात धूळ राहिली असं कुणी म्हणायला नको, म्हणून. तर त्या शनिवारी त्यानं यंत्राच्या खालचंही पुसलं. आणि खाली हात पोहोचावा म्हणून सरकतं टेबल हातानं थोडं बाजूला ढकललं.

तू कपाळावर हात मारला असशील. मी मारला नाही, कारण मला तेव्हा कळलं नव्हतं. यंत्र थांबलं की मोटरची वीज कापायची, उगाच गरम कशाला होऊ द्यायची, ही त्याचीच बचत. त्यामुळं टेबल लोण्यासारखं सरकलं. आणि दर वेळी सुरू होताना टेबलानं आधी एका टोकाला जाऊन ठोकळ्याला टेकून यायचं असतं म्हणे. तेही त्यानं काढून टाकलं होतं. टेबल जिथं ठेवलं तिथंच असणार, रोज कशाला वेळ घालवायचा! आपल्या माणसांचे दोन गुण, काटकसर आणि स्वच्छता, एका शनिवारी एकत्र आले आणि यंत्र बुडालं.

सोमवारी क्नाउसबाई आल्या. हिरवा कोट, हातात स्वतःचं भिंग. गोटहिल्फनं बटण दाबलं. टेबल निघालं, मोजून पावलं चाललं, दिमाखात थांबलं आणि थेंब दोन बाटल्यांच्या मधोमध पडले. एकदा नाही, पूर्ण ओळभर. पुढं झाकणं लागायची ती बाटल्यांच्या मानेला वाकडी आदळली. मोटर कटकट करत अडली, तरी आपली मोजत राहिली. शेवटी स्क्रीनवर आलं, सगळ्या बाटल्या भरल्या, सगळी झाकणं घट्ट. आणि टेबलावर तर तळं साचलेलं.

ऑयगेन छताकडे बघत होता. क्नाउसबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "गोटहिल्फ, चुकणारं यंत्र मला चालेल. मीही चुकते. पण चुकलं हे न सांगणारं यंत्र मी घेऊ शकत नाही. हे लोकांच्या डोळ्यांत जाणार आहे."

त्यांनी नोव्हेंबरअखेरीपर्यंत मुदत दिली. भली बाई. दुसरी कुणी असती तर पायरी उतरून गेली असती.

टेबल का हललं हे तुझ्या बापानं मंगळवारी शोधलं. फडकं हातात धरून तसाच उभा राहिला. मी सरळ घरात निघून आले. थांबले असते तर माझ्याच डोळ्यांत पाणी आलं असतं. तुझ्यासाठी पुसायला गेला आणि तेच त्याला नडलं.

रोझीने


हाल्डनबाख, रविवार, १७ नोव्हेंबर १९९६

प्रिय इर्मेला,

आधी ऑयगेनचा निरोप. तू त्याला पाठवलेलं जाडजूड पाकीट मिळालं. मी फोनवर म्हणाले ना, ऑयगेन विचारतोय, की झाकण पकडल्यावर सर्व्हो मोटर गुरगुरते, ती शांत कशी करायची? तर ते ऑयगेन विचारत नव्हता. ऑयगेन माझ्यासमोर बसून केक खात होता. विचारणारा माझ्या मागं उभा होता आणि एकेक शब्द मला कानात सांगत होता. तुला ते कळलं असणार, कारण ऑयगेनसाठी कुणी इतक्या स्वच्छ अक्षरात आकृत्या काढत नाही. तुम्ही दोघं मिळून त्या बिचाऱ्या ऑयगेनला सासरेबुवांसारखा मान देताय, त्याची छाती फुगलीय.

आता काय झालं ते सांगते. टेबलाचं काम सोपं होतं. वीज कापणं बंद केलं, आणि सुरू होताना ठोकळ्याला टेकून यायचं पुन्हा लावलं. टेबल आता कुणाच्या ढकलण्यानं फसत नाही, आणि सुईखाली असं उभं राहतं की बाटलीतल्या पाण्यावर सुरकुती पडत नाही. मी स्वतः वाकून बघितलं. आंधळं म्हण, मुकं म्हण, पण त्या उभं राहण्याला तोड नाही. तूही बघितलंस तर मान डोलावशील.

पण झाकणांचं काय? एक झाकण सैल, एक घट्ट, एकाचे आटे वाकडे. पावलं मोजून त्यांचा अंदाज लागत नाही. तिथं चाचपडून बघणारंच कुणीतरी हवं. गोटहिल्फला हे मान्य करायला दोन दिवस लागले. दोन दिवस घरात भांडी आपटल्याचा आवाज. मग सहा तारखेला, बुधवारी, जेवणानंतर तो उठला, मागच्या भिंतीशी गेला आणि तुझ्या यंत्रावरची ताडपत्री त्यानं ओढली.

इर्मेला, मला वाटलं होतं खाली गंज असेल, कोळ्यांची जाळी असतील. काही नाही. काल केल्यासारखं चकचकीत. प्रत्येक स्क्रूला तेल, वायरी जिथल्या तिथं बांधलेल्या. ऑयगेन म्हणाला, "हे कुणी केलं?" आणि लगेच त्यानं जीभ चावली, कारण वर्कशॉपाची किल्ली एकाच माणसाकडे असते.

तुझी झाकणांची बाजू त्यानं स्वतःच्या हातानं सोडवली आणि क्नाउसबाईंच्या यंत्रावर बसवली. गुरगुर होती ती तुझ्या पाकिटानं गेली. तेव्हापासून तो तिला फसवायच्या मागं लागलाय. वाकडं झाकण देतो, तेल लावलेलं देतो, बाटलीच काढून घेतो, झाकणात गवताची काडी खुपसतो. दर वेळी मोटर जरा जोर लावून बघते, थांबते, लाल दिवा लागतो आणि कितवी बाटली चुकली ते दाखवते. तो मान हलवतो आणि नवीन खोडी शोधतो. काल त्यानं माझ्या सुईदोऱ्याच्या डब्यातून एक बटण नेलं. तेही तिनं पकडलं. ऑयगेन म्हणाला, "मालक, माझ्या सासूनंही मला एवढं तपासलं नव्हतं."

तू तीन वर्षांपूर्वी हे एकटीनं केलंस, यावर माझा विश्वास बसत नाही. म्हणजे बसतो, पण तोंडात बोटं जातात. मला तुझा अभिमान वाटतो. बघ, मी म्हटलं. डोंगर कोसळला नाही.

त्याच्याकडून मात्र अजून अपेक्षा करू नकोस. तो अजून नावं ठेवायला जागा शोधतोय.

आत्या


हाल्डनबाख, रविवार, १ डिसेंबर १९९६

प्रिय इर्मेला,

आज नाताळाआधीच्या चार रविवारांच्या मेणबत्त्यांच्या चक्रातली पहिली मेणबत्ती लावली आणि सुक्या पेअरचा पाव कापला. एक अख्खा तुला वेगळ्या पाकिटात पाठवणार होते. नाही पाठवला. का, ते शेवटी कळेल.

गुरुवारी क्नाउसबाई आल्या, तोच हिरवा कोट. या वेळी त्यांनी स्वतःच टेबल ढकलून बघितलं. हललं नाही. थेंब बाटलीत पडले. मग पर्समधून त्यांनी काही झाकणं काढली, घरून मुद्दाम बिघडवून आणलेली! यंत्रानं एकेक पकडलं आणि दर वेळी लाल दिवा लावला. त्या भिंगातून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता हे खरं बोलतं." मग विचारलं, "दोन वेगळे हात दिसतात यात. कुणी कुणी केलंय?"

गोटहिल्फ हात पुसत होता. म्हणाला, "टेबल माझं. झाकणं माझ्या मुलीची."

"माझ्या मुलीची," असं म्हणाला. तीन वर्षांनी. मी कॉफीचा ट्रे घेऊनच उभी होते, माझ्या नशिबात तेच आहे. एक कप सांडला. त्यानं बघितलं आणि ओरडला नाही.

क्नाउसबाईंनी यंत्र घेतलं आणि आणखी यंत्रांचं नक्की केलं. त्यांची एक अट आहे. बिघडलं तर झाकणांची बाजू जिनं केली तिनंच बघायला यायचं. गोटहिल्फ म्हणाला, "ती डेन्मार्कला असते." त्यावर त्यांनी भिंग पर्समध्ये टाकलं आणि म्हणाल्या, "मग तिला बोलवा. तोंड आहे ना तुम्हाला?"

तोंड! ते उघडायला त्याला काल संध्याकाळपर्यंत वेळ लागला. मी त्याला सरळ विचारलं, इर्मेलाला उद्या पत्र लिहितेय, तुझ्याकडून काय लिहू? तो डाळ आणि श्पेट्झलच्या शेवया खात होता. ताट पुसून खाल्लं, चमचा आडवा ठेवला. मग जे म्हणाला ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण त्यानं ते मला दोनदा म्हणून दाखवलं, मी चुकू नये म्हणून.

"लिही, झाकणांच्या बाजूत नावं ठेवायला काही सापडलं नाही. आणि हेही लिही, की मी शोधलं."

त्याच्या तोंडून याहून मोठं मी आयुष्यात ऐकलेलं नाही, आणि मी त्याची मोठी बहीण आहे. आमच्या आईच्या स्वयंपाकालाही त्यानं इतकं म्हटलं नव्हतं.

श्टुटगार्टचे लोक शुक्रवारी येणार होते. त्यांना त्यानं फोन केला, म्हणाला, शनिवार होऊन जाऊ दे, मग सांगतो. त्यांनी विचारलं, शनिवारी काय आहे? तो म्हणाला, झाडलोट आहे. तिकडं त्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

आता ऐक. काल ऑयगेनचा आठवडा संपला. त्यानं पाटी उचलली आणि म्हणाला, मालक, आता इर्मेलाचा आठवडा, म्हणजे नेहमीसारखी तुमच्याच गळ्यात ना? गोटहिल्फनं पाटी त्याच्या हातातून घेतली आणि तुझ्या खुंटीला लावली. सरळ आहे का ते जरा मागं सरकून बघितलं. मग झाडू आणला, आणि मला वाटलं आता हा झाडणार. पण त्यानं झाडूही तुझ्या खुंटीखाली टेकवून ठेवला.

"या वेळी मी झाडणार नाही," तो म्हणाला. "आठवडा तिचा आहे. तिनं यावं आणि झाडावं."

तेव्हा शनिवारी, सात तारखेला, ये. तुझी खोली उबदार करून ठेवते. पाव तुझ्यासाठी इथंच ठेवलाय, ऑयगेनपासून लपवून.

आणि कोपरे नीट काढ. तो बघेल.

तुझी आत्या,
रोझीने